आईचं स्पॅनिश

माझी आई अस्खलित स्पॅनिश बोलायची, असं आमच्या घरातली नातवंडं-पतवंडं आजही अभिमानाने सांगतात. ती बोलायची ती भाषा शोना होती. ऱ्होडेशियातली. आणि ती तिला मी शिकवली. हे आता लिहून ठेवलंच पाहिजे, कारण खरं ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे.

बासष्टच्या सुमारास आम्ही ठाण्याहून यहुद्यांच्या नव्या देशात, बेर्शेबाला आलो: आई, मी आणि धाकटी बहीण रिबेका. कामावरून सुटलो की मी उल्पानला, म्हणजे हिब्रूच्या वर्गाला जाई. पुढच्या बाकांवर अर्जेंटिनातून आलेली मंडळी, मागे मी आणि टेंडाई. टेंडाई शेतीचं शिक्षण घ्यायला ऱ्होडेशियातून आला होता. आम्हा दोघांनाही इंग्रजी येत होतं आणि दोघांनाही हिब्रू येत नव्हतं, त्यामुळे मैत्री लगेच जमली.

फळ्यावर हिब्रू चालू असायचं आणि आम्ही पुढच्या बाकांवरचं स्पॅनिश ऐकत बसायचो.

"आमच्या शोनासारखेच पाच स्वर!" टेंडाई म्हणायचा.

मी शोना आणि स्पॅनिश, दोन्ही देवनागरीत लिहून पाहिल्या, तर सख्ख्या बहिणी दिसल्या. (मास्तरणीला वाटायचं, मी धडा उतरवून घेतोय!) फरक आत होता. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखंच टेबलाखुर्चीलाही बाई नाहीतर पुरुष व्हावं लागतं. शोनाला बाई-पुरुषाशी देणंघेणं नाही. तिथे माणसांचा गट वेगळा, झाडांचा वेगळा, असे गटच गट.

"आमच्या इमारतीत तसंच आहे," मी म्हणालो. "अर्जेंटिनावाल्यांचा जिना वेगळा, आमचा वेगळा."

टेंडाई हसला नाही. "आमच्या देशातही गोरे-काळे असेच वेगळे," एवढंच म्हणाला.

घरी मात्र मी सांगत असे, की स्पॅनिश माझ्या खिशात आहे. खिशात दोनच शब्द होते, आणि त्यातली एक शिवी निघाली!

मग रिबेकाने मारिओ आणला. ती नर्स, तो त्याच इस्पितळात एक्स-रे काढणारा, अर्जेंटिनाचा. त्याची आई शुक्रवारी आम्हाला बघायला येणार होती. त्या वर्षांत आमच्या, म्हणजे भारतातून आलेल्या लोकांशी सोयरीक करावी की नाही, आम्ही पुरते यहुदी तरी आहोत का, अशी कुजबुज गावभर चाले. आईने मला गाठलं.

"शालोम बाळा, त्यांच्यात थोरामोठ्यांशी कसं बोलतात? मला शिकव. त्या बाईला वाटता कामा नये, की आपण कुठलेतरी..."

अर्जेंटिनावाले भेटल्यावर काय करतात ते मी रोज बघत होतो. गालाचा मुका घेतात! विधवा आईला हे कुठल्या तोंडाने शिकवू? (मला स्पॅनिश येत नव्हतं, हेही एक किरकोळ कारण होतंच.) टेंडाईकडची रीत मात्र आपल्या घरात शोभेल अशी. गुडघे मोडून खाली वाकायचं, हलक्या टाळ्या वाजवायच्या आणि विचारायचं, "मारारा हेरे?" झोप झाली ना? समोरच्याने म्हणायचं, "न्दारारा काना मारारावो." तुमची झाली असेल, तर माझीही झाली.

आईने दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "किती चांगली माणसं आहेत रे! मी उगाच घाबरत होते."

खरं सांगायची तीच वेळ होती. मी म्हणालो, "टाळी जरा हळू."

शुक्रवारी दुपारी मारिओची आई क्लारा आली. दोन्ही हात पसरून ती मुक्यासाठी पुढे झाली आणि आमची आई खाली बसली! टाळ्या, आणि भर दुपारी, "मारारा हेरे?" क्लाराचे हात हवेतच राहिले. तिने मारिओकडे पाहिलं, मारिओने रिबेकाकडे, रिबेकाने माझ्याकडे. मी खिडकीतून वाळवंटाकडे.

मग क्लारा, चांगली भारदस्त बाई, गुडघे धरून हळूहळू खाली बसली आणि गंभीर चेहऱ्याने टाळ्या वाजवू लागली. तिला वाटलं, ही भारतातली रीत! आईने तिला मायेने उत्तरही शिकवलं.

"स्वतःची भाषा विसरली बिचारी," आई स्वयंपाकघरात कुजबुजली. "परमुलखात होतं हो असं."

लग्न ठरलं. रिबेका-मारिओने घोळ ओळखला, पण जमलेलं मोडू नये म्हणून कुणालाच काही सांगितलं नाही. साखरपुड्याला आम्ही मलिदा केला, म्हणजे शुभकार्याआधीचा आमचा प्रसाद: पोहे, खोबरं, फळं आणि आमच्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नबीचं नाव. क्लाराने आपल्या सगळ्या गोतावळ्याला भारतीय रीत शिकवून आणलं होतं. आईने आमच्या गोतावळ्याला स्पॅनिश रीत शिकवून ठेवली होती. हॉलभर माणसं एकमेकांपुढे वाकून टाळ्या वाजवताहेत, झोपेची चौकशी करताहेत!

"झोप कसली?" दूरच्या एलातहून आलेले काका ओरडले. "बसमध्ये पाय आखडले माझे!"

तेवढ्यात टेंडाई आला. मीच बोलावलं होतं. तो दारातच थिजला. आई लगबगीने पुढे गेली, वाकली, टाळ्या वाजवल्या. त्याने नकळत उत्तर दिलं.

"अगोबाई, तुलाही स्पॅनिश येतं?"

मी मान खाली घालून प्रश्न इंग्रजीत सांगितला. टेंडाईने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने आईचे हात धरले आणि हिब्रूत म्हणाला, "हो, आई. थोडंसं."

बाहेर आल्यावर मला म्हणाला, "ती पुरुषांची टाळी वाजवते. बायका तळवे आडवे जोडून पोकळ धरतात. निदान तेवढं तरी नीट शिकव."

तेही मी शिकवलं नाही.

पुढे क्लारा आमच्याच जिन्यात राहायला आली. दोघींचं हिब्रू भाजी घेण्यापुरतं, पण रोज सकाळी दारात बसून एकमेकींची झोप विचारल्याशिवाय चहा होत नसे. क्लाराच्या शेवटच्या आजारात आई तिच्या खाटेशी बसली. "मारारा हेरे?" क्लाराची फक्त बोटं हलली. मग उत्तरही आईनेच दिलं, तिच्या वतीने. मी पायथ्याशी उभा होतो.

आई गेली, तेव्हाही तिला वाटत होतं, की आपण स्पॅनिश बोलतो.

गेल्या महिन्यात रिबेकाच्या नातीने होणारा नवरा भेटायला आणला. मुलगा जवळच्याच नेतिवोत गावचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवून स्वागत केल्यावर गोंधळून त्याने हिब्रूत मला विचारलं, "आजोबा, ही रीत तुमच्याकडची, की अर्जेंटिनाची?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. खरं सांगायची पुन्हा तीच वेळ आली होती. मी घसा साफ केला.

"स्पॅनिश," मी म्हणालो. "आणि टाळी जरा हळू."