पेतुर्पुर्सुस

साउथहॅम्प्टनला मी हाडांच्या वॉर्डात डॉक्टर आहे. मागच्या वर्षी आमच्याकडे खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी आयुष्यभर युनिव्हर्सिटीत प्राचीन इटलीतल्या भाषा शिकवल्या होत्या. फिजिओने त्यांना चार पायांची वॉकिंग फ्रेम धरून उभं केलं, तेव्हा मी शेजारीच होते. थोडं चालून त्या थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "आता मी पेतुर्पुर्सुस."

ऑपरेशननंतर काहीजण असंबद्ध बोलतात. मी काळजीने विचारलं, "काय म्हणालात?"

"डोकं ठिकाणावर आहे माझं. चार पायांचे प्राणी. उंब्रियन शब्द आहे. खरं तर 'चार पायांच्यांसाठी', पण त्याचं दुसरं रूप सापडलेलंच नाही."

खुर्चीत टेकल्यावर त्यांनी नीट सांगितलं. इटलीतल्या एका डोंगराळ गावात ब्राँझचे सात पत्रे सापडले, पूजा कशी करायची ते त्यांवर कोरलेलं. ती उंब्रियन भाषा बोलणारं आता कुणी नाही. त्यातल्या एका प्रार्थनेत देवाकडे सगळ्यांचं भलं मागितलंय: दुपुर्सुस, पेतुर्पुर्सुस. दु म्हणजे दोन, पेतुर म्हणजे चार. पुर्स म्हणजे पाय. मूळ शब्दातला 'द' तिथल्या लोकांच्या तोंडात 'र्स' झाला.

"द्विपदे, चतुष्पदे," मी म्हणाले. "आमचे बाबा पूजेत म्हणतात."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "हे मी पुस्तकात कितीदा वाचलंय. कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर त्यांच्या पलंगाशी बसून मी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी हात जोडले, डोळे मिटले आणि शांतिमंत्र म्हटला. मग बाईंनी उंब्रियन प्रार्थनेच्या ओळी सावकाश म्हटल्या. बाबांनी डोळे उघडले.

"परत म्हणायला सांग गं त्यांना."

त्यांनी परत म्हटल्या, आणि मी बाबांना अर्थ सांगितला.

"ते लोक गुराढोरांसाठीपण मागत होते?" बाबांनी विचारलं.

"हो, बाबा."

बाबांनी पडद्याकडे बघून पुन्हा हात जोडले. मी फोन ठेवला. बाई म्हणाल्या, "तुमच्या बाबांचे शब्द आणि हे उंब्रियन शब्द कधीतरी एकाच घरातून बाहेर पडले. ते घर नक्की कुठे होतं, हे मात्र मी तुम्हाला सांगू शकत नाही."