माझ्या वाट्याचा धडा

"सेरी, तू कॉफी आण. तुझा भाग आम्ही वाचून घेतो."

सरोजा मिस मराठीतून म्हणाल्या; 'सेरी', म्हणजे 'बरं', तेवढं तमिळ. गटातल्या बाकी दोघी तमिळ होत्या, त्यांना कळलं नाही. मला कळावं म्हणूनच मराठी.

वेळचेरीच्या त्या खासगी शाळेत मला शिक्षिका म्हणून लागून सहा महिने झाले होते. नवरा ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात, म्हणून लातूर सोडून मद्रासला आलेलो. सरोजा मिस तिथल्या जुन्या शिक्षिका, तंजावरकडच्या मराठी. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या, बोलीला तमिळ हेल. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून त्यांनी माझा हात धरला होता. मग आडनाव विचारलं. मग, "म्हणजे तुम्ही कोण?" मी सांगितलं. बाबा नगरपालिकेत झाडूकामाला, हेही सांगितलं. हात सुटला. 'तुम्ही'चं 'तू' झालं.

शाळेत शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. विषय : सहकारी अध्ययन. बंगळुरूहून आलेल्या बाई सांगत होत्या, मुलांनी एकमेकांना शिकवावं, कुणी मोठं नाही, कुणी छोटं नाही. चौघींचा गट. प्रत्येकीला काम वाटायचं. एक प्रमुख, एक लिहिणारी, एक बोलणारी, एक सामान आणणारी.

पहिल्या दिवशी सामान मी आणलं. दुसऱ्या दिवशीही मीच. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, आज मी बोलू का? सरोजा मिस हसल्या आणि तमिळ लाडाचं 'मा' लावून म्हणाल्या, "तुझं इंग्रजी ऐकून लोक हसतील, मा. तुझ्या भल्यासाठीच सांगते."

मी चार्ट चिकटवला. 

आणि चौथ्या दिवशी ही कॉफी. त्या दिवसासाठी धड्याचे चार भाग आदल्या दिवशीच वाटून दिले होते. एकेकीने एकेक भाग शिकून इतर तिघींना शिकवायचा. माझ्याकडे अपूर्णांकांचा भागाकार आला. आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात डोसे मोडून तयारी केली होती.

मी कॉफी आणायला उठले. खरंच उठले. दारापर्यंत गेले. तिथे मला माझा पाचवीचा वर्ग आठवला. गट मीही पाडले होते. बोलायला उभी राहायची ती फाडफाड इंग्रजीवाली मुलं. मुनियम्मा नावाची एक मुलगी सहा महिने फक्त वह्या गोळा करत होती. तिला मीच ते काम दिलं होतं. तिच्या भल्यासाठी.

मी परत फिरले.

"गट तीन, झालं?" बंगळुरूच्या बाईंनी विचारलं.

"झालं," सरोजा मिस म्हणाल्या. "चौघींनीही शिकवलं."

"नाही," मी म्हणाले. "माझा भाग राहिलाय."

"वेळ संपत आलाय. प्लीज, ॲडजस्ट करा," बंगळुरूच्या बाई म्हणाल्या.

मी फळ्याकडे गेले. सरोजा मिसना विचारलं, "तिनाला अर्ध्याने भागलं की सहा. भागून संख्या वाढली कशी?"

"उलटं करून गुणायचं. रूल आहे."

"पण का?"

मी फळ्यावर तीन डोसे काढले. प्रत्येकाचे दोन अर्धे केले. मोजा. तिनात अर्धे किती? सहा. माझं इंग्रजी अडखळलं, क्रियापदं चुकली. मागे कुणीतरी हसलं. मी थांबले नाही. शेवटपर्यंत शिकवलं आणि मगच खाली बसले.

दुपारी मुख्याध्यापिकेने बोलावलं. सरोजा मिस तिथे होत्या. टेबलावर कोरा कागद.

"सीनियरचा अपमान केलात. माफी लिहा. एप्रिलमध्ये तुम्हाला नोकरीत कायम करायचं की नाही, ते ठरवायचंय," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

मी म्हणाले, "अपमान झाला. माझा. चार दिवस."

"लिहिणार की नाही?"

"नाही."

कागद तसाच ठेवून मी वर्गावर गेले. जुने गट मोडले. मुनियम्माला सर्वांत अवघड भाग दिला. ती म्हणाली, "मिस, मला नाही येणार." मी म्हणाले, "आधी तू शीक, मी बसते तुझ्याजवळ. मग गटाला तूच शिकवायचं. तुझं होईपर्यंत ते थांबतील."

एप्रिलमध्ये मला काढतील. काढू देत. दुसरी शाळा बघेन, तिसरी बघेन. पण ज्या वर्गात मी उभी राहीन, तिथे कुणाच्याही वाट्याचा धडा दुसरं कुणी वाचून टाकणार नाही. आणि भल्यासाठी गप्प बस, असं मला कुणी सांगितलं, तर तिथेच, त्याच क्षणी, मी बोलेन.