इंजेक्शनचा किस्सा

मंडळी, आज सकाळपासून स्वतःचीच लाज वाटतेय.

आमच्या गौलीगुडा मोहल्ल्यातल्या कोर्टवर मी मुलींना बास्केटबॉल शिकवतो. आधी प्रोफेशनल खेळायचो. नवी बॅच आली की माझा एक किस्सा ठरलेला: फायनलला गुडघा सुजला होता, तरी मी इंजेक्शन घेऊन उतरलो आणि मॅच काढली; दुखण्याचं ऐकायचं नसतं. मुली टाळ्या वाजवतात. मला बरं वाटतं.

आज प्रॅक्टिसमध्ये आमची कॅप्टन आयेशा उडी मारून खाली आली, ती उठलीच नाही. बूट काढला तर घोटा काळानिळा. आठवडाभर गोळ्या खाऊन खेळत होती म्हणे.

मी ओरडलो, "कायकू नै बोली पैले?"

ती रडत म्हणाली, "आपीच तो बोले थे सर, दर्द कू नक्को सुनो."

तिची अम्मी न्यायला आली, तेव्हा मला मान वर करता आली नाही.

कारण त्या किश्श्याचा शेवट मी कधी सांगितलाच नाही. ती माझी शेवटची मॅच होती. मी कोच झालो तो हौसेनं नाही, गुडघा कायमचा गेला म्हणून.

उद्या मुलींना सगळं सांगणार आहे. पण टाळ्यांवर थांबायची सवय लागलेल्या माणसानं सुरुवात कुठून करायची, सांगाल?