शाडूची होम प्लेट आणि ओले सर

शाडूची माती पाण्यात विरघळते, हे हमरापूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमचं अख्खं घर त्या एका गुणावर जेवायचं. बाबांचा गणपतीचा कारखाना होता. तरीही दोन वेण्या, फुटलेले गुडघे आणि स्वतःच्या हुशारीवर गाढ विश्वास असलेल्या नववीतल्या मी, भर श्रावणातल्या सॉफ्टबॉलच्या फायनलसाठी शाडूची होम प्लेट बनवली.

झालं असं, की पेणच्या आमच्या शाळेचं खेळाचं सामान सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. गडब गावाला सरावाची मॅच खेळून येताना रबराची होम प्लेट, म्हणजे धावत येऊन जिला टेकलं की रन मिळतो ती जमिनीतली पाटी, एसटीच्या सीटखाली राहिली आणि एसटी गेली पुढे निघून. आमच्या खेळाच्या बाईंना सांगायची छाती नव्हती. कारखान्यात प्लास्टरची गोणी कुलपात, शाडू मात्र हाताशी. बोटभर जाडीची पाचकोनी प्लेट थापली, बल्बखाली वाळवली, वर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. इतकी देखणी झाली की मी तिच्याकडे मान वाकडी करून बघत बसले. पेणच्या मैदानात ती मातीशी समतल बसवली तेव्हा बाई म्हणाल्या, "नवी आणली वाटतं?" मी नुसतं हसले. तेव्हा मी फार हसायचे.

रोह्याविरुद्धच्या त्या मॅचचे अंपायर होते ओले सर. रोह्याच्या शाळेत पी.टी. शिकवायचे. त्यांचं खरं नाव पगार देणाऱ्या क्लार्कखेरीज कुणी घेत नसे. आपल्याकडे शाळांच्या स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात ठेवतात. ज्याने हे वेळापत्रक आखलं, त्याने कोकण फक्त नकाशात बघितलं असावं. त्यामुळे सरांना कोरडं असं कुणी पाहिलंच नव्हतं. रेनकोट घालायचे नाहीत, छत्री तर नाहीच. कुणी आग्रह केला की म्हणायचे, "पोरी भिजतायत ना? मग मी काय गुळाची ढेप हाय?"

चष्मा जाड होता. दर दोन बॉलनंतर तो काढून ते ओल्या रुमालाने पुसत. पुसत म्हणजे काचेवरचं पाणी इकडचं तिकडे करीत. रोह्याची कॅचर रुबिना ही त्यांची मुलगी. प्लेटमागे बॉल झेलायला ती त्यांच्या पुढ्यात उकिडवी बसलेली असायची आणि निकाल आवडला नाही की मान मागे वळवून ओरडायची, "अब्बा, चष्मा बदला!"

"मैदानावर सर म्हणायचं."

"सर, चष्मा बदला!"

पावसात मॅच थांबवायची की चालू ठेवायची, हे ठरवायची त्यांची स्वतःची रीत होती. पिचरच्या जागेवर जायचं, छातीच्या उंचीवरून बॉल सोडायचा. उसळला तर खेळ चालू, चिकटला तर "चला, भजी खा." त्यापुढे कुणाचं चालायचं नाही. वीज चमकली की मात्र बॉलबिल काही नाही, तिथल्या तिथे सगळ्यांना मैदानाबाहेर काढत. एकदा रोह्याला नदीकाठच्या मैदानावर बक्षीस द्यायला आलेले पाहुणे कुरकुरले, "अहो, एवढी एक इनिंग होऊ द्या, मला पुढे कार्यक्रम आहे." सर म्हणाले, "साहेब, वीज पाहुण्यांना इचारून पडत नाय." पाहुणे मुकाट्याने शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसले. तिथे छप्पर गळत होतं, तो भाग वेगळा.

आणि सरांचा ब्रश! अंपायरकडे होम प्लेट साफ करायला छोटा ब्रश असतो. बाकीचे अंपायर आठवण झाली तर तो काढायचे. सर मात्र देव्हारा पुसावा तशी प्लेट पुसायचे, प्रत्येक खेळाडूनंतर, वाकून, मन लावून. फायनलच्या दिवशी रिमझिम सुरू झाली, सर वाकले, आणि ब्रश वर आला तो पांढराशुभ्र. त्यांनी ब्रशकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, मग चष्मा पुसला. मी तिसऱ्या बेसजवळ उभी राहून गणपतीला साकडं घालत होते, की बाप्पा, आजचा दिवस तुझी माती धरून ठेव. म्हणजे अक्कल बघा. ज्याला स्वतःला दरवर्षी विरघळावं लागतं, त्याच्याकडे मी न विरघळण्याचं मागत होते.

शेवटच्या इनिंगला पावसाने जोर धरला. दोन्ही संघांचे रन सारखे. जिंकेल तो मुंबईला विभागाच्या स्पर्धेला जाणार. रुबिना दहावीत होती. तिची ही शेवटची संधी, आणि आपण मुंबईला चाललो म्हणून तिने अख्ख्या मोहल्ल्याला सांगून ठेवलेलं. सरांनी बॉल सोडून बघितला. उसळला, अगदी आजारी माणसासारखा, पण उसळला. खेळ चालू. मी तिसऱ्या बेसवर पोचले. पुढच्या मुलीने बॉल डावीकडे तटवला आणि मी होमकडे सुटले. समोर रुबिना ग्लोव्ह पसरून, आणि तिच्या पायापाशी, जिथे प्लेट असायला हवी होती तिथे, दुधासारखं पांढरं डबकं. प्लेट नाही! थांबता येईना, म्हणून मी डोळे मिटून घसरले. बॉल धरलेला रुबिनाचा ग्लोव्ह खांद्यावर आदळला. तो आधी लागला तर मी आउट, प्लेट आधी लागली तर सेफ.

"आउट!" ती किंचाळली.

"सेफ," सर म्हणाले.

मग जो गोंधळ झाला! रोह्याचे कोच धावत आले. "सर, प्लेटच नाय, तर ही टेकली कुठं?" पेणची माणसं म्हणाली, निकाल दिला तो दिला. सरांनी मला उभं केलं आणि सगळ्यांसमोर गर्रकन पाठमोरी फिरवली. कमरेपासून टाचेपर्यंत मी पांढरी. "ही बघा प्लेट. हिच्या अंगावर हाय. न लागता आली काय?"

"पण मी आधी टॅग केलं!" रुबिनाचे डोळे भरले होते.

"नंतर केलंस. मी बघितलंय."

"या चष्म्यातून?"

सरांची शाळा, त्यांचं गाव, त्यांची पोरगी, सगळं एका बाजूला उभं होतं. एसटीने परतही त्यांच्याबरोबरच जायचं होतं. त्यांनी चष्मा काढला, ओल्या रुमालाने पुसला, परत घातला. "सेफ," ते म्हणाले. "रन मोजा."

आम्ही जिंकलो. माझ्या मैत्रिणी चिखलात नाचत असताना सरांनी मला बोटाने जवळ बोलावलं. "ए हमरापूर, इसर्जन अनंत चतुर्दशीला असतंय ना गो? तू आजच उरकलंस?" मी रडायला लागले. मला वाटलं, ही माझीच करामत हे आता सर बाईंना सांगणार. ते म्हणाले, "रडून आणखी पाणी कशाला करतेस? मुंबईला जा. तिथं प्लेट रबराची असंल, तुझ्या बापाचा रंग अंगाला लागून साक्ष देणार नाय. तिथं नीट पळ." मुंबईला पहिल्याच मॅचमध्ये आम्हाला धुऊन काढलं. ऊन होतं, तरीही.

पुढे शाळेत नोकरी लागल्यावर सरांनीच मला अंपायरिंगला ओढलं. कितीतरी श्रावण मी त्यांच्यासारखी रेनकोटाशिवाय भिजले. घरचे म्हणत, ही बया न्युमोनियाने जाणार. नात तर अजून मला वेडी म्हणते, आणि तिचं फारसं चूक नाही. ब्रशने प्लेट पुसणं, बॉल टाकून बघणं, सगळं सरांचं उचललं. फक्त रुमाल कोरडा ठेवला. सर भेटले की विचारायचे, "काय हमरापूर, प्लेट मातीची हाय का रबराची?" आणि त्यांच्या घरी गेलं की आतून रुबिनाचा आवाज यायचा, "आली का ती आउट झालेली?" तिने ते कधी सोडलं नाही. लग्न होऊन कुवेतला गेली, तरी सुट्टीत आली की बापाला तोच टोमणा. सर नुसते हसायचे आणि मुद्दाम चष्मा पुसायचे.

सर गेले तेव्हा मी रोह्याला उशिरा पोचले. घरात माणसं होती, मागच्या पडवीत रुबिना एकटी बसली होती. बाहेर पाऊस कोसळत होता. सरांनी बॉल टाकला असता तर नक्की चिकटला असता. मी तिच्या शेजारी बसले. माझ्याकडे न बघता, पागोळ्यांकडे बघत ती म्हणाली,

"तू सेफ होतीस गो. माझा ग्लोव्ह पोचायच्या आधीच तू त्या पांढऱ्यातून पार गेलेलीस. मला तेव्हाच कळलेलं. आणि मी अब्बांना शेवटपर्यंत म्हणत राहिले, चष्मा बदला."