लग्नाआधीची घुगरी

डिसेंबर १९७६. शाळेच्या गॅदरिंगसाठी मी चांदीच्या कागदाच्या घुगऱ्या वळत बसले होते. घुगरी म्हणजे तांड्यावरच्या बाया केसांत लोंबती बांधतात तो दागिना. माझ्यासोबत शिकवणारी ती दारात थबकली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, "नापास."

हा तिचा नेहमीचा शेरा. कनेरगाव नाक्याच्या तंबूत तिच्याशेजारी बसून सिनेमा पाहिला असता, तर तुम्हीही तो ऐकला असता. आमच्या शाळेत तांड्यावर वाढलेली शिक्षिका ती एकटीच. गाणी, गोष्ट, हिरो यांना तिच्याकडे गुण नव्हते. प्रश्न एकच : "आपलं माणूस काय करून राहिलं?"

उत्तर ठरलेलं. नाचलं, नाहीतर चोरलं, नाहीतर हिरोसाठी मेलं.

एकदा इंग्रजी सिनेमा लागला. डोक्याला पिसं लावलेली माणसं घोड्यांवरून धडाधड पडत होती. "हे बी तांड्यावरचेच दिसतेत," ती म्हणाली.

दुसऱ्या एका सिनेमात तांड्यावरची पोरगी नाचत आली, तशी ही मोठ्याने बोलली, "अगं बया, घुगरी घातली अन् नवरा तर इंटरव्हलनंतर यायचाय!" घुगरी लग्न झालेलीच घालते.

मागून कोणी ओरडलं, "ओ मास्तरीणबाई, गप बसा. पैशे देऊन आलो!"

"आमी बी."

सुरुवातीला हे सगळं ती हसून सांगायची. पुढे पुढे नुसतं 'नापास' म्हणून चष्मा पुसायची.

मुख्याध्यापकांना गॅदरिंगमध्ये तोच नाच हवा होता, तांड्यावरच्या पोरींचा. त्या दिवशी तिने माझ्यापुढची घुगरी उचलून तळहातावर धरली. "बाई, पाचवीतल्या पोरींची लग्नं लावून राहिल्या व्हय तुमी?"

त्या पोरी तिनेच घरोघर फिरून शाळेत आणलेल्या. आयांकडून कबूल करून घेतलं होतं, शाळा आहे तोवर लग्न नाही. आणि स्वतः शब्द दिला होता, पोरींना गावापुढे नाचवणार नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, पिक्चरमध्ये असंच दाखवतेत. काहून एवढं मनाला लावून घेता?"

"पिक्चरवाल्यानं तांडा पाहिला न्हाई, सर. तुमी तर रोज तिथूनच सायकलवर येता."

सर हसले. नाच ठरला तो ठरला. ती भांडली नाही. "दर टायमाला मीच सांगू का? थकले बाई," एवढंच मला म्हणाली.

गॅदरिंगला रेकॉर्ड वाजली, स्टेज रिकामं. पोरी आल्या नाहीत, तीही नाही. ती परत आमच्या शाळेत आलीच नाही; साखऱ्याला बदली मागून घेतली.

गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरी मात्र वर्गात हजर होत्या. मी घुगऱ्या चुलीत घातल्या, नाचाचे लाल परकर उसवले आणि त्यांतून पोरींसाठी दप्तरं बेतली.