प्लास्टिकच्या चाकाला ग्रीस

ग्रीसची मला शिसारी आहे. डब्यात असतं तोवर ठीक असतं. पण एकदा माणसाच्या बोटांना लागलं की ते दाराच्या कडीवर जातं, टॉवेलवर जातं, कपाच्या कानाला लागतं. आमच्या भाओजींच्या बोटांना ते कायम असायचं.

भाओजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तळोज्याच्या एका कारखान्यात फिटर. आमचं गाव कामोठ्याच्या बाजूला, खाडीकाठचं. जमिनी सरकारने घेतल्या, शेती संपली, पण जावयाचे लाड काही संपले नाहीत. भाओजी आले की गादी त्यांची, पंखा त्यांच्या तोंडावर, जिताडा माशाची मधली तुकडी त्यांच्या ताटात. आईचा एकच नियम होता, जावयाला नाय बोलू नये. तो आम्ही देवाच्या नियमासारखा पाळायचो.

मी तेव्हा महाप्याच्या एका ऑफिसात कामाला होतो आणि माझ्याकडे रिमोटची एक गाडी होती. सेलवर चालणारं खेळणं नव्हे. तिला मुठीएवढं खरं इंजिन होतं, ते नायट्रोचं इंधन प्यायचं आणि कानठळ्या बसवायचं. मस्कतला नोकरीला असलेल्या मित्राने ती आणली होती. नेरूळच्या एका मोकळ्या प्लॉटवर अधूनमधून रविवारी आमच्यासारखे काही वेडे शर्यत लावायचे. मी दोनदा उतरलो आणि दोन्ही वेळा अर्ध्यातून गाडी काखेत मारून घरी आलो. कारण एकच, दात गेले. इंजिनाचं दातेरी चाक लोखंडी आणि चिमुकलं. ते ज्याला फिरवतं ते मोठं चाक प्लास्टिकचं, आणि झिजतं ते मोठं. असलं चाक इथे दुकानात मिळायचं नाही, मित्र सुट्टीवर येईल तेव्हाच. त्या दिवाळीआधी माझ्याकडे दोनच उरली होती. एक गाडीत बसवलेलं, दुसरं फिल्मरोलच्या डबीत.

तोवर मी शहाणा झालो होतो. दोन चाकं एकमेकांत फार घट्ट बसली तर प्लास्टिक तापून सोलतं, सैल बसली तर दात उड्या मारतात. म्हणून मी त्यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून इंजिन सरकवायचो, मग स्क्रू आवळायचो. पट्टी चुरगळून पण न फाटता बाहेर आली की अंतर बरोबर. दात कोरडे ठेवायचे, तेलाचा थेंबसुद्धा नको, आणि दर वेळी जुन्या टूथब्रशने धूळ झाडायची. रविवारच्या शर्यतीसाठी मी सगळी गाडी अशी लावून ठेवली होती. या वेळी निदान शेवटपर्यंत पळायचं होतं, बस.

आदल्या दिवशी सकाळीच भाओजी ताईला घेऊन आले आणि आल्या आल्या गाडीवर हात ठेवला. मी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी रिमोट देऊन टाकला.

त्यांनी आधी गाडी उघडली. दातांमध्ये फट दिसते म्हणून त्यांना हसूच आलं. असलं ढिलं काम आमच्या कंपनीत चालत नाही म्हणे. इंजिन ढकलून त्यांनी चाकं गच्च भिडवली. मग पिशवीतून ग्रीसची प्लास्टिकची पुडी काढली. मी सांगून पाहिलं की कारखान्यातले गिअर बंद पेटीत असतात, हे उघडे आहेत, यांना कोरडंच ठेवायचं.

"ग्रीस नाय त गिअर कसा चालंल, मेवने?" असं म्हणत त्यांनी बोटभर ग्रीस दातांना फासलं. तेच बोट गादीच्या खोळीला पुसलं.

घरामागे नव्या प्लॉटांसाठी मातीचा भराव टाकला होता. त्या धुळीत गाडी तीन-चार फेऱ्या धावली, मग किंचाळली आणि थांबली. इंजिन ओरडत होतं, गाडी जागची हलत नव्हती. मी उचलून बघितली. ग्रीस, माती आणि धुरातलं तेल मिळून काळा चिखल झाला होता, आत बारीक खडे कचकचत होते. तो चिखल दातांना कानशीसारखा घासत होता. ब्रशने खरवडला तेव्हा खाली मोठं चाक टकलं निघालं.

"माल हलका हाय," भाओजी म्हणाले आणि दुसरं चाक काढायला सांगून गादीवर जाऊन बसले.

मी हात धुवायला मोरीत गेलो. ताई तिथे मासे साफ करत होती. तिने माझ्या हातांकडे बघितलं.

"माझे शिलाई मशीनला पन असाच ग्रीस भरला," ती म्हणाली. "सगळे धागे चिकटले. बसली मशीन ती बसलीच. गल्लीतल्या बायांचे ब्लाऊज शिवायची मी."

तू काही बोलली नाहीस का, मी विचारलं.

"मी काय बोलनार? तुमी तरी कदी बोलले?"

बाहेरून आईची हाक आली, ते चाक काय ते दे एकदाचं भाओजींना. मी आतल्या खोलीतून डबी घेतली, खिशात घातली आणि बाहेर आलो.

"नाय देनार, भाओजी. एक चाक खाल्लं तुमी. दुसरं नाय."

आमच्या घरात त्यांना नाही हा शब्द पहिल्यांदाच ऐकू आला असेल. भाओजी न जेवता उठले. आई मागे धावली, रडली, मला शिव्या घातल्या. ताईने हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्या मागोमाग रिक्षात जाऊन बसली. मासे तसेच मोरीत राहिले.

रविवारी डबीतल्या चाकावर माझी गाडी पहिल्यांदा शेवटपर्यंत पळाली. मोठं चाक काढून उन्हात धरलं, दात शाबूत होते. मला काडीचा आनंद झाला नाही.

भाऊबीजेला ताई आली नाही. संध्याकाळी मीच तळोज्याला तिच्या घरी गेलो. कडी वाजवली तर बोटांना ग्रीस लागलं. भाओजींनी दार अर्धंच उघडलं आणि ती घरात नाय म्हणून सांगितलं. आत कुणीतरी भांडी घासत होतं, ते माझा आवाज ऐकून थांबलं.