डोळे मिटून टाइप केलेली पानं

परवा कपाट आवरताना आईचा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा सापडला आणि नाशिकरोडच्या तिच्या घरातली ती दुपार आठवली. सरकारी कचेरीत मराठी टायपिंग करून निवृत्त झालेली आई तेव्हा कॉम्प्युटरवर आपल्या निफाडच्या लहानपणाबद्दल लिहीत होती. मी सटाण्याहून न कळवता आले, तर ती चक्क डोळे मिटून टाइप करत बसलेली. "अगं, महिना झाला, अक्षरं दुहेरी दिसतात, थरथरतात. डोळे परत चाललेत बहुतेक. तुला सांगणार नव्हते," ती म्हणाली. मी वाकून पाहिलं, तर मलाही प्रत्येक अक्षर दोनदा दिसत होतं. "आई, तुझे डोळे ठीक आहेत, बिघाड स्क्रीनवर आहे!" ते लिहायचं सॉफ्टवेअर फुकटचं, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं. मी शोधलं, तर नव्या अपडेटनंतर असं होतं, हे कुणा परक्या माणसानं इंटरनेटवर उपायासकट लिहून ठेवलं होतं. त्यानं सांगितल्याप्रमाणे सेटिंगमधला ग्राफिक्सचा एक पर्याय बंद केला, प्रोग्राम पुन्हा उघडला, आणि अक्षरं जागच्या जागी स्थिर झाली. मी तिचं लिखाण पुढे सरकवत गेले, तर पानांमागून पानं, सगळी न बघता लिहिलेली. "डोळे जाताहेत असं वाटत होतं, तरी तू थांबली नाहीस?" मी विचारलं. "जाताहेत म्हटल्यावर थांबून कसं चालेल? आधी लिहून व्हायला नको?" ती म्हणाली.